दारूवर संशोधन करायचंय? आधी बाटलीचं वजन करायला शिका

वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनांचा बोलबाला झाला, तेव्हा काही रुग्ण डॉक्टरांना भलतंच सांगू लागले. भूक कमी झाली ती झालीच, पण संध्याकाळी ग्लास भरायचीही आठवण होईना. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘जामा सायकिअॅट्री’ या अमेरिकी नियतकालिकात ४८ जणांवरची एक छोटी चाचणी छापून आली. नऊ आठवडे कमी डोसची इंजेक्शनं घेणाऱ्यांची दारूची ओढ आणि एका बैठकीत पोटात जाणारी दारू, दोन्ही कमी झाले. पिण्याचे दिवस मात्र कमी झाले नाहीत. हे शेवटचं वाक्य बहुतेक बातम्यांमधून गळलं आणि मथळा उरला तो ‘दारू सोडवणारं इंजेक्शन’ असा.

पण ‘ओढ’ मोजली कशी? बैठकीत किती प्यायले हे कोणी आणि कुठे बसून मोजलं? हे ज्यांना विचारावंसं वाटतं, त्यांच्यासाठी अमेरिकेत आणि थोड्या प्रमाणात आपल्याकडेही एक सोय आहे. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या मुलांनी उन्हाळ्याचे आठ-दहा आठवडे व्यसनांवर काम करणाऱ्या संशोधन गटात घालवायचे. बायोलॉजी, सायकॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स, सोशल वर्क, एमबीबीएस, सगळ्यांना इथे काम असतं. ही सोय म्हणजे नेमकं काय, हे आपल्याकडच्या पालकांना आणि बऱ्याचदा प्राध्यापकांनाही ठाऊक नसतं.

कंपनीतली इंटर्नशिप नव्हे

कंपनीत इंटर्नला कामाचा एक तुकडा देतात आणि तो पुरा झाला की प्रमाणपत्र मिळतं. संशोधनाच्या इंटर्नशिपमध्ये प्रश्नाचा तुकडा मिळतो. एक मार्गदर्शक शास्त्रज्ञ, रोजच्या अडचणींना एखादा पीएचडीचा विद्यार्थी, आठवड्याची गटबैठक आणि शेवटी एका पोस्टरसमोर उभं राहून ‘मी काय विचारलं आणि काय सापडलं’ हे सांगणं. चांगल्या कार्यक्रमांत विद्यावेतन देतात. उलट विद्यार्थ्याकडूनच फी घेऊन ‘रिसर्च इंटर्नशिप’चं प्रमाणपत्र देणारे बरेच निघाले आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका, एवढंच सांगतो.

मुळात हा आजार कसला?

दारू पिणारा प्रत्येक जण आजारी नसतो. मानसोपचारात २०१३ पासून वापरात असलेल्या अमेरिकी निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएम-५ मध्ये, अकरा खुणा दिल्या आहेत. ठरवलं त्यापेक्षा जास्त पिणं, सोडायचा प्रयत्न फसणं, त्यापायी कामावर किंवा घरी खाडे होणं, तेवढ्याच दारूने आता काही न होणं, अशा. वर्षभरात यातल्या दोन दिसल्या तर सौम्य, सहा किंवा जास्त दिसल्या तर तीव्र आजार. ‘आहे की नाही’ असा हा प्रश्नच नाही. किती आहे, ते मोजायचं.

दारू अचानक बंद केल्यावर हात का थरथरतात, झोप का उडते, कुणाला झटके का येतात, याचं उत्तर मेंदूच्या जुळवून घेण्यात आहे. रस्सीखेच डोळ्यांपुढे आणा. दारू मेंदूला रोज गुंगीकडे ओढते, म्हणून मेंदू टाचा रोवून उलट बाजूला, उत्तेजनेकडे ओढत राहतो. महिनोन्‌महिने हे चाललं की दोन्ही बाजू सारख्या ताणलेल्या असतात आणि माणूस वरून ठीकठाक दिसतो. मग एक दिवस दारू दोर सोडते. मेंदू मात्र अजून तेवढ्याच जोराने ओढतोय, तो धाडकन मागे आपटतो. या अवस्थेला विथड्रॉवल म्हणतात. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एका दिवसात दारू तोडणं जिवावर बेतू शकतं, ते म्हणूनच. घरच्यांच्या शपथा आणि मंदिरातला नारळ यांचा अनादर न करता हे सांगायला हवं.

आपल्याकडचा आवाका किती? ‘एम्स’च्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी ३८ जणांत एकालाच काही ना काही उपचार मिळाले होते.

उंदराच्या पिंजऱ्यावरच्या दोन बाटल्या

आता प्रत्यक्ष काम. प्राण्यांच्या प्रयोगशाळेत नव्या मुलाच्या वाट्याला येणारा एक जुना आणि बाळबोध वाटणारा प्रयोग आहे. पिंजऱ्यावर दोन बाटल्या लावायच्या, एकीत पाणी, दुसरीत दारूचं दहा टक्क्यांचं द्रावण. उंदराला हवी ती निवडू द्यायची. रोज ठरल्या वेळी दोन्ही बाटल्यांचं वजन करायचं आणि फरक वहीत लिहायचा. संपलं.

संपलं वाटतं, पण खरी शिकवण इथून सुरू होते. काही उंदरांना डावीकडचीच बाटली आवडते, आत काहीही असो. म्हणून बाटल्यांच्या जागा अदलाबदल करत राहायच्या. पिंजरा हलला की तोटीतून थेंब गळतात आणि ते उंदराच्या खाती जमा होतात. म्हणून एका रिकाम्या, उंदीर नसलेल्या पिंजऱ्यावरही दोन बाटल्या लावायच्या, त्यांतून रोज किती गळतं ते पाहायचं आणि तेवढं सगळ्यांच्या आकड्यांतून वजा करायचं. लठ्ठ उंदीर जास्त पितो की त्याला दारू जास्त आवडते? म्हणून दर किलो वजनामागे किती ग्रॅम, असा हिशेब. उंदीर निशाचर, त्यामुळे त्यांच्या खोलीतली रात्र आपल्या दिवसावर आणून ठेवतात आणि मंद लाल दिव्यात काम चालतं. पहिले काही दिवस डोळे चोळण्यात जातात.

या साध्या मोजमापातून निघालेली गोष्ट साधी नाही. १९५९ मध्येच दिसून आलं होतं की सी५७ वंशाचे उंदीर दारूची बाटली आपणहून पसंत करतात आणि डीबीए वंशाचे तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. खोली तीच, दाणा तोच, बाटल्या त्याच. ना सवंगड्यांची संगत, ना घरचे संस्कार. आनुवंशिकतेचा वाटा असतो हे इतक्या स्वच्छ रीतीने दुसरीकडे कुठे दाखवता आलं असतं, मला शंका आहे.

पण तेवढ्यावर थांबलात तर फसाल. २०१८ मध्ये अमेरिकेच्या ‘नायडा’ या व्यसन-संशोधन संस्थेच्या बाल्टिमोरमधल्या गटाने उंदरांच्या मोठ्या भाईबंदांना, म्हणजे रॅटना, एक पर्याय दिला. एक कळ दाबली तर हेरॉइन किंवा मेथॅम्फेटामाइन, दुसरी दाबली तर शेजारच्या रॅटशी खेळायला मिळणार. त्यांनी जवळजवळ नेहमी सोबत निवडली, अगदी व्यसन जडलेल्यांनीसुद्धा. ती सोबत मिळायला उशीर लावला किंवा तिच्यासोबत शिक्षा जोडली की मात्र ते पुन्हा अमली पदार्थाकडे वळले.

प्रयोगशाळेतला खोटा बार

माणसांवरच्या प्रयोगांत सगळ्यात मजेशीर जागा म्हणजे बार-प्रयोगशाळा. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अॅलन मार्लट या मानसशास्त्रज्ञाने असा एक बार उभारला होता. काउंटर, उंच स्टुलं, मंद दिवे, सगळं खऱ्यासारखं. आता असे बार आणखी काही ठिकाणी आहेत.

मार्लटचा १९७३ चा प्रयोग आजही शिकवतात. व्होडका टॉनिक वॉटरमध्ये ठरावीक प्रमाणात मिसळली की चवीवरून ओळखू येत नाही. मग चार गट करायचे. व्होडका आहे असं सांगून व्होडका, आहे असं सांगून नुसतं टॉनिक, नाही असं सांगून व्होडका, आणि नाही असं सांगून टॉनिक. लोकांना सांगितलं, ‘तुम्ही फक्त चव घेऊन गुण द्या.’ संशोधकांना गुणांशी देणंघेणं नव्हतंच, त्यांनी ग्लासात उरलं किती ते मोजलं. आपण व्होडका पितोय अशी ज्यांची समजूत होती, ते जास्त प्यायले. ग्लासात खरंच काय होतं याने फरक पडला नाही. ‘एक घोट पोटात गेला की शरीरच थांबू देत नाही’ या पक्क्या समजुतीला तो मोठा धक्का होता, कारण यात दारूचं व्यसन असलेली माणसंही होती.

अशा बारमध्ये इंटर्न काय करतो? श्वासातल्या दारूचं यंत्र सांभाळतो, प्रश्नावल्या भरून घेतो. प्रयोग संपला तरी माणसाला लगेच घरी सोडत नाहीत. श्वासातलं प्रमाण ठरल्या मर्यादेखाली यावं लागतं. तोवर त्याच्याशी गप्पा मारत बसणं हे काम बहुधा सगळ्यात ज्युनियर माणसाकडे येतं. माझ्या मते पोस्टरपेक्षा या गप्पांतून जास्त शिकायला मिळतं.

‘महिन्यात किती घेता?’ हा प्रश्न विचारायचा कसा

आपल्या मुलांना सहज जमेल असं काम इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

कुणालाही ‘किती पिता?’ विचारा, ‘अधूनमधून’ हेच उत्तर येणार. खोटं बोलायचा हेतू असतोच असं नाही, खरंच आठवत नसतं. म्हणून संशोधकांनी कॅलेंडरची युक्ती काढली. आधी गेल्या महिन्या-दोन महिन्यांतले लक्षात राहिलेले दिवस कॅलेंडरवर मांडायचे आणि मग त्यांच्या आधाराने मधले दिवस भरत जायचे. अमेरिकेत त्यावर नाताळ आणि फुटबॉलचे सामने येतील. आपल्याकडे पगाराचा दिवस, आठवडे बाजार, भाच्याचं लग्न, मतदान. गटारीला काय झालं हे कुणालाही आठवतं, पण त्याच्या आदल्या मंगळवारचं कळण्यासाठी त्या मंगळवारी घरात कोण आलं होतं इथपासून सुरुवात करावी लागते.

याच कॅलेंडरमुळे एक सापळाही दिसतो. ‘गेल्या तीस दिवसांत प्यायलात का?’ हा प्रश्न महाराष्ट्रातल्या एखाद्या गावात श्रावण संपताना विचारला, तर अर्धं गाव निर्व्यसनी निघेल. तोच प्रश्न होळीनंतर विचारा. बाहेरून आलेला संशोधक कितीही हुशार असो, हे त्याला सुचणार नाही. तुमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला सुचेल.

मग प्रमाणाचा हिशेब. ‘एक क्वार्टर’ म्हणजे १८० मिली. व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल. त्याचं वजन सुमारे ६१ ग्रॅम. दहा ग्रॅमचं एक माप धरलं तर क्वार्टर म्हणजे सहा मापं. अमेरिकेत एक माप १४ ग्रॅमचं, तिथल्या हिशेबाने तीच क्वार्टर चार मापांच्या जरा वर भरते. आणि ‘मी बाबा फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याची ८ टक्क्यांची ६५० मिलीची एक बाटली? ४१ ग्रॅम, म्हणजे तीस-तीस मिलीचे चार पेग. दोन देशांतल्या अभ्यासांची तुलना करताना हे माप तपासायला विसरलात तर पुढची सगळी आकडेमोड वाया.

अशाच मोजमापांवर उभा राहिलेला एक मोठा अभ्यास आपल्या शेजारी, गोव्यात झाला. ‘संगत’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांबरोबर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ च्या सुरुवातीला छापून आले. समुपदेशन करणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. जास्तीत जास्त चार भेटी. तीन महिन्यांनी, गेल्या चौदा दिवसांत दारूला अजिबात न शिवलेले पुरुष त्या गटात ४२ टक्के होते, तर समुपदेशन न मिळालेल्या गटात १८ टक्के. जे पीतच राहिले, त्यांच्या रोजच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही. इंजेक्शनच्या अभ्यासाच्या बरोबर उलटं चित्र, आणि दोन्ही खरं. ‘दारू कमी झाली’ या तीन शब्दांत किती वेगवेगळी मोजमापं दडलेली असतात, ते इथे कळतं.

अमेरिकेत जायला मिळेल का?

पासपोर्ट कुठला, यावर बरंच अवलंबून आहे. अमेरिकेत दारूवरच्या संशोधनाची सरकारी संस्था, ‘एनआयएएए’, १९७० च्या कायद्याने स्थापन झाली. तो कायदा पुढे रेटणारे आयोवाचे सिनेटर हॅरॉल्ड ह्यूज स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आले होते. इतर अमली पदार्थांसाठी १९७४ मध्ये ‘नायडा’ आली. या दोन्ही ‘एनआयएच’ या आरोग्य-संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या मोठ्या छत्राखाली आहेत. विद्यापीठांत टेक्सासचं ऑस्टिन, नॉर्थ कॅरोलायनाचं चॅपल हिल, ब्राउन, रटगर्स, पोर्टलंडचं ऑरेगन हेल्थ अँड सायन्स विद्यापीठ ही या विषयातली नावाजलेली ठिकाणं.

सरकारी पैशावर चालणाऱ्या उन्हाळी कार्यक्रमांना साधारणपणे अमेरिकी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. न्यू जर्सीत किंवा बे एरियात वाढलेल्या मराठी घरातल्या मुलांना ही दारं उघडी आहेत. पुण्याहून शिकायला गेलेल्या, विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाने आपल्याच विद्यापीठातल्या प्राध्यापकाला गाठणं सोपं. तिथे विभागाचा स्वतःचा निधी असू शकतो किंवा त्या कामाचे क्रेडिट मिळू शकतात. अर्ज बहुतेक ठिकाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घेतात. मात्र जुन्या याद्यांवर विसंबू नका. २०२५ चा उन्हाळी कार्यक्रम एनआयएचने रद्दच केला होता. कार्यक्रम चालू आहे का, हे अर्ज भरण्याआधी थेट विचारून घ्या.

भारतात शिकणाऱ्यांना बाहेरचे आणखी दोन रस्ते आहेत. कॅनडाची ‘मायटॅक्स ग्लोबलिंक’ ही संशोधन-इंटर्नशिप बारा आठवड्यांची असते. जर्मनीची ‘डाड वाइज’ विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मुलांसाठी, तिच्यासाठी यजमान प्राध्यापक आधी स्वतः शोधावा लागतो.

आणि आपल्याकडे?

देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दर उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात. मेंदूविज्ञानातला मार्गदर्शक मिळाला तर व्यसनाशी जोडलेला प्रश्न घेता येतो. एमबीबीएस आणि बीडीएसच्या मुलांसाठी ‘आयसीएमआर’ची अल्पमुदतीची विद्यार्थी संशोधन योजना आहे. तिथे प्रस्ताव मुलाने स्वतः लिहायचा असतो, ही तिची सगळ्यात चांगली बाजू. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’मध्ये व्यसनोपचाराचं स्वतंत्र केंद्र आहे.

पुण्याचं ‘मुक्तांगण’ १९८६ पासून काम करतंय आणि तिथे गेलेल्या मुलाला माणसं वाचता येऊ लागतात, पण ते मुळात उपचारांचं ठिकाण आहे. उपचार शिकायचेत की संशोधन, हे आधी ठरवा. दोन्हींची गल्लत केली की दोन्हीकडे निराशा होते.

खरं तर महाराष्ट्रात एक आयता प्रयोग पडून आहे. वर्ध्यात १९७५ पासून दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. त्यावर टीव्हीवर भांडणं पुष्कळ झाली. पण बंदीत विक्रीची नोंदच होत नाही, तर दारू वाढली की घटली हे मोजणार कशाने? पोलिसांकडचे गुन्हे बंदीनंतर वाढणारच, कारण कालपर्यंत गुन्हा नसलेली गोष्ट आज गुन्हा झाली. मग अपघात मोजायचे, यकृताचे रुग्ण, की घरोघरी बायकांना विचारायचं? दोन महिन्यांत एवढा एक प्रश्न नीट मांडला तरी उन्हाळा कारणी लागला.

‘दारूड्यांमध्ये पोरीला कशाला पाठवायचं?’

ही शंका रास्त आहे, म्हणून नेमकं विचारून घ्या. काम कुठे आहे, वॉर्डात की संगणकावर? क्षेत्रकामाला कोण सोबत असतं? त्रासदायक गोष्टी ऐकल्यावर बोलायला कोणी वरिष्ठ आहे का? नीट चालणाऱ्या गटाकडे याची उत्तरं तयार असतात. तिथे गडबडणारा गट टाळावा. या विषयातलं कितीतरी काम जुन्या माहितीच्या विश्लेषणाचं असतं आणि त्यात रुग्ण समोर येतही नाही.

प्राण्यांना दारू पाजणं बरोबर आहे का?

प्रत्येक प्रयोगाला प्राणी-नीती समितीची परवानगी लागते, किती प्राणी आणि का, हे लिहून द्यावं लागतं. तरी मन तयार होत नसेल तर सक्ती नाही. माणसांवरच्या पाहण्या, मुलाखती, आकडेवारी, इकडे काम कमी नाही. फक्त हे मार्गदर्शकाला पहिल्याच दिवशी सांगा.

पैसा कुणाचा?

हा प्रश्न मुलं विचारत नाहीत, पण विचारायला हवा. रोज एक पेग हृदयाला चांगला का, हे तपासायला अमेरिकेत दहा कोटी डॉलरची एक चाचणी सुरू झाली होती. बराचसा पैसा दारू कंपन्यांचा. तो मिळवण्यासाठी सरकारी संस्थेतल्याच काही लोकांनी कंपन्यांशी बोलणी केली होती, हे बाहेर आल्यावर एनआयएचने जून २०१८ मध्ये ती बंद केली. त्यामुळे ज्या गटात जाणार त्यांच्या शोधनिबंधाच्या शेवटी निधी कुणाचा लिहिलाय, ते वाचूनच अर्ज करा.

घरात व्यसन असेल तर अर्जात लिहायचं का?

खूप मुलं याच कारणाने या विषयाकडे येतात. लिहायला हरकत नाही, पण एक-दोन वाक्यांत, आणि लगेच प्रश्नाकडे वळा. ‘माझे वडील प्यायचे म्हणून मला समाजसेवा करायची आहे’ यावर मार्गदर्शकाला काही करता येत नाही. ‘वडील दर श्रावणात सोडायचे आणि भाद्रपदात पुन्हा सुरू करायचे, महिनाभर त्यांना थरथर कशी येत नव्हती हे मला समजून घ्यायचंय’ हे वाचून तो खुर्चीत सरसावून बसेल.

प्राध्यापकांना पाठवायचं पत्र दहा ओळींचं पुरे. त्यांचा एखादा शोधनिबंध खरंच वाचून त्यातली न कळलेली एक गोष्ट विचारा. स्वतःला काय येतं ते लिहा: एक्सेल, थोडं ‘आर’ (आकडेवारीसाठीची संगणकभाषा), मराठी-कोकणीत मुलाखत घेणं. भाषा येते हे लिहायला मुलं लाजतात, गोव्या-महाराष्ट्रात काम करणाऱ्या गटाला मात्र तेच आधी हवं असतं. तारखा कळवा. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, तरीही आलं नाही तर पुढच्याला लिहा.